गॅस ‘फुल’ करू नका, मोजून भरा: एसी सर्व्हिसच्या धंद्यात वजनकाट्याची किंमत



कमी भांडवलात सुरू होणाऱ्या धंद्यांच्या आपल्या मालिकेत या वेळचा विषय आहे घरगुती एसीची सर्व्हिस. व्हिडिओमध्ये आपण काटा, गेज आणि व्हॅक्यूम पंप हाताळून बघितले. इथे मी त्यामागचं गणित सविस्तर लिहितोय, म्हणजे तुम्हाला ते वहीत उतरवून घेता येईल.

वसई-विरार पट्ट्यात हा धंदा करायला वाव आहे, हे वेगळं सांगायला नको. नायगावपासून विरारपर्यंत पूर्वेला आणि पश्चिमेला नवीन इमारती उभ्या राहतायत आणि पूर्वी जिथे पंखा पुरायचा तिथे आता बेडरूममध्ये एक तरी एसी दिसतो. पण वाव आहे म्हणून गर्दीही आहे. प्रत्येक इमारतीच्या लिफ्टमध्ये एसी रिपेअरिंगची चार-पाच स्टिकर्स चिकटवलेली असतात. त्यात सहावं स्टिकर तुमचं. मग ग्राहकाने तुम्हालाच का बोलवावं? आणि एकदा बोलावल्यावर दुसऱ्या वर्षी परत तुम्हालाच का?

माझं उत्तर सरळ आहे: तुम्ही गॅस मोजून भरता म्हणून.

‘फुल’ हा आकडा नाही

ग्राहक विचारतो, “दादा, गॅस किती भरला?” आणि टेक्निशियन सांगतो, “फुल केलाय.” हे संभाषण तुम्ही ऐकलं असेल, कदाचित स्वतःही केलं असेल. आता विचार करा. किराणा दुकानात साखर मागितली आणि दुकानदार म्हणाला, “भरपूर दिली, एवढे पैसे द्या,” तर चालेल का? पेट्रोल पंपावरही आपण ‘फुल टँक’ म्हणतो, पण पैसे देतो ते लिटरच्या आकड्यावर.

आपल्याकडे अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या बाजारात मासळी वाट्यावर विकली जाते. तिथे काटा नसतो, पण वाटा समोर असतो. कोळीणताई आणि गिऱ्हाईक दोघांनाही दिसतं की किती बोंबील आहेत, केवढे आहेत. नजरेने सौदा होतो आणि तो खरा असतो. एसीतला गॅस कोणालाच दिसत नाही. ग्राहकाला नाही आणि तुम्हालाही नाही. जे दिसत नाही ते अंदाजपंचे विकलं की एक दिवस भांडण होणारच.

कंपनीने मशीन बनवतानाच ठरवलेलं असतं की यात किती ग्रॅम गॅस हवा. तो आकडा आऊटडोअर युनिटच्या स्टिकरवर छापलेला असतो. म्हणजे उत्तर मशीनवरच लिहिलंय, तरीही बरेच जण ते वाचत नाहीत आणि गेजचा काटा बघून गॅस सोडतात. हे का चुकतं ते आता समजून घेऊ.

घरातल्या सिलिंडरकडून शिका

स्वयंपाकाचा सिलिंडर घ्या. भरलेल्या घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो अर्धा संपला तर आतलं प्रेशर अर्धं होतं का? नाही. जोपर्यंत आत थोडा जरी द्रव शिल्लक आहे, तोपर्यंत प्रेशर जवळपास तेवढंच राहतं, कारण ते ठरतं तापमानावर. म्हणून सिलिंडर आणणाऱ्या भाऊंकडे आपण प्रेशरचं मीटर मागत नाही, वजनकाटा मागतो. सिलिंडरवर रिकाम्याचं वजन लिहिलेलं असतं, त्यात १४.२ मिळवलं की हिशेब जुळतो की नाही ते लगेच कळतं.

एसीचा गॅसही तसाच वागतो. मशीन बंद असताना, हवा ३० अंश सेल्सिअस असेल तर आर-३२ गॅसचं प्रेशर साधारण २६५ पीएसआय दिसेल. आत ८०० ग्रॅम असू दे नाहीतर ४०० ग्रॅम, द्रव शिल्लक असेपर्यंत गेज तेच दाखवणार. जुन्या आर-२२ मशीनमध्ये त्याच तापमानाला तो आकडा साधारण १५८ पीएसआय येतो. प्रेशर यापेक्षा बरंच खाली आलेलं दिसलं तर समजा, आत द्रव राहिलेलाच नाही, मशीन जवळजवळ रिकामं आहे. तेवढीच माहिती गेज देऊ शकतं. “किती ग्रॅम कमी आहे” हे सांगणं त्याच्या हातात नाही.

चालू मशीनचं प्रेशर कसं फसवतं

तुम्ही म्हणाल, “सर, आम्ही चालू मशीनवर प्रेशर बघतो.” बरोबर. आर-२२ ला साधारण ६० ते ७०, आर-३२ आणि आर-४१०ए ला साधारण ११० ते १३० पीएसआय सक्शन प्रेशर यायला हवं, असं उस्तादाने शिकवलेलं असतं. हे आकडे खोटे नाहीत. पण ते एका ठरावीक परिस्थितीतले आहेत. परिस्थिती बदलली की आकडा बदलतो, गॅस तेवढाच असला तरी.

काय काय बदलतं बघा:

पहिलं, फिल्टर आणि कॉइल. फिल्टर धुळीने भरला की कॉइलवरून हवा कमी जाते आणि सक्शन प्रेशर खाली येतं. टेक्निशियनला वाटतं गॅस कमी आहे, तो गॅस सोडतो. पुढच्या महिन्यात कोणीतरी फिल्टर धुतो, आणि आता मशीनमध्ये गॅस जास्त!

दुसरं, बाहेरची हवा. जूनमध्ये पाऊस पडून गेल्यावर बाहेर २७ अंश असताना प्रेशर कमीच दिसणार. तेव्हा मे महिन्यातला आकडा गाठेपर्यंत गॅस भरला, तर तोच जादा गॅस ऑक्टोबर हीटमध्ये नडतो. हाय प्रेशर वाढतं, अँपिअर वाढतात, मशीन ट्रिप होतं.

तिसरं, इन्व्हर्टर. जुना एसी एकाच वेगाने चालायचा. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर खोली थंड होईल तसा वेग कमी-जास्त करतो, आणि त्याबरोबर प्रेशर आणि अँपिअर सतत हलतात. त्या हलत्या काट्यावर नेम धरून गॅस भरणं म्हणजे चालत्या विरार लोकलमध्ये चहा ओतणं!

आणि “पाईपवर घाम आला की झालं” ही जुनी खूण? आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत थंड पाईपवर घाम येणारच. त्यावरून वजन कळत नाही.

गॅस कमी-जास्त झाला तर बिघडतं काय? कमी गॅस असेल तर कॉइलवर बर्फ धरतो, खोली थंड व्हायला वेळ लागतो, आणि कॉम्प्रेसरला परत येणाऱ्या गॅसमुळे जो गारवा मिळायला हवा तो न मिळाल्याने तो तापतो. जास्त असेल तर द्रव गॅस कॉम्प्रेसरमध्ये शिरण्याचा धोका असतो, आणि कॉम्प्रेसर हा द्रव दाबण्यासाठी बनवलेला नाही. दोन्हीकडून नुकसान मशीनच्या सगळ्यात महागड्या भागाचं. आणि नाव खराब होतं तुमचं.

मग किती भरायचा? स्टिकर वाचा, पाईप मोजा

आऊटडोअरच्या स्टिकरवर दोन गोष्टी शोधा: गॅसचं नाव आणि वजन. वजन बहुतेक वेळा किलोमध्ये असतं. ०.८५ किलो म्हणजे ८५० ग्रॅम.

दुसरी गोष्ट, पाईपची लांबी. कंपनी जो गॅस भरून पाठवते तो ठरावीक मीटर पाईपसाठी असतो. त्यापेक्षा पाईप लांब असेल तर जादा मीटरमागे किती ग्रॅम वाढवायचे हे त्या मॉडेलच्या इन्स्टॉलेशन मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. आपल्याकडच्या इमारतींमध्ये आऊटडोअर कधी डक्टमध्ये, कधी गच्चीवर असतं, त्यामुळे हा हिशेब वारंवार लागतो.

एक उदाहरण सोडवू. समजा स्टिकरवर ८५० ग्रॅम आहे. मॅन्युअल म्हणतं, हा गॅस ५ मीटरपर्यंत पुरेल, पुढे दर मीटरला २० ग्रॅम वाढवा. तुम्ही टेपने मोजलं तर पाईप ९ मीटर निघाला.

जादा पाईप: ९ वजा ५ = ४ मीटर
जादा गॅस: ४ गुणिले २० = ८० ग्रॅम
एकूण: ८५० अधिक ८० = ९३० ग्रॅम

झालं! पाचवीच्या मुलाला येईल असं गणित आहे. पण ते करणारा टेक्निशियन अख्ख्या सोसायटीत वेगळा दिसतो. आकडे मात्र प्रत्येक मॉडेलचे वेगळे असतात, म्हणून माझ्या उदाहरणातले वापरू नका, समोरच्या मशीनचे वापरा.

इथे एक प्रश्न येतो. मशीनमध्ये आधीच थोडा गॅस असेल तर? तो किती आहे हे कळायला मार्ग नाही. म्हणून वजनाची पद्धत एकाच प्रकारे चालते: असलेला गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घ्या, लीक दुरुस्त करा, व्हॅक्यूम मारा, आणि शून्यापासून पूर्ण वजन भरा. जुन्या नॉन-इन्व्हर्टर मशीनवर सुपरहीट बघून चार्ज तपासता येतो. म्हणजे सक्शन प्रेशरवरून गॅसचं तापमान काढायचं आणि पाईपचं खरं तापमान त्याच्याशी ताडून बघायचं. आर-२२ चं प्रेशर ७० पीएसआय म्हणजे गॅस ५ अंशांवर उकळतोय. पाईप १२ अंश असेल तर सुपरहीट ७ अंश. ही पद्धत शिकून ठेवा, तपासायला कामाची आहे. पण इन्व्हर्टर मशीनला पहिला मान काट्याचा.

काट्यावर गॅस भरण्याच्या पायऱ्या

१. काटा तपासा. ओळखीच्या किराणा दुकानातलं शिक्का मारलेलं ५०० ग्रॅमचं वजन ठेवून बघा. काटा ५ किंवा १० ग्रॅमचा फरक दाखवणारा हवा. भाजीवाल्याचा ५० ग्रॅमचा काटा इथे चालणार नाही.

२. काटा सपाट जमिनीवर ठेवा. खिडकीच्या कठड्यावर नको, आऊटडोअरच्या पंख्यासमोर नको. वाऱ्यानेही आकडा हलतो.

३. व्हॅक्यूम झाल्यावर होज सिलिंडरला जोडा, होजमधली हवा काढा, आणि होज सैल ठेवा. ताणलेला होज सिलिंडरला ओढतो किंवा उचलतो, आणि वजन खोटं येतं.

४. सगळं स्थिर झाल्यावर काटा शून्य करा. त्यानंतर सिलिंडरला हात लावायचा नाही.

५. मशीन बंद असतानाच व्हॉल्व्ह उघडा. आत व्हॅक्यूम असल्यामुळे सुरुवातीचा गॅस आपोआप ओढला जातो. काट्यावर वजा आकडा वाढत जाईल, तोच तुमचा भरलेला गॅस.

६. गॅस जायचा थांबला की मशीन कूलिंगच्या टेस्ट मोडवर चालू करा आणि उरलेला गॅस लो साईडने हळूहळू, थांबत-थांबत सोडा. आर-४१०ए हे दोन गॅसचं मिश्रण आहे, म्हणून ते सिलिंडरमधून द्रव रूपातच काढायचं, नाहीतर मिश्रणाचं प्रमाण बदलतं. लाईनमध्ये मात्र ते थोडं-थोडंच जाऊ द्यायचं.

७. ठरलेल्या वजनाच्या थोडं आधी थांबा. पाच फुटी होजमध्ये द्रव भरलेला असेल तर त्यात २० ते ३० ग्रॅम सहज असतात. सिलिंडर बंद करा आणि चालू मशीनला होजमधला गॅस ओढू द्या.

८. शेवटचा आकडा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. तारीख, गॅसचं नाव आणि ग्रॅम एका छोट्या स्टिकरवर लिहून आऊटडोअरला चिकटवा.

काम करताना सिलिंडर गार पडतो आणि गॅस हळू येतो. घाई म्हणून त्याला टॉर्च लावायचा नाही, उकळतं पाणी ओतायचं नाही. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, पुसा, मग परत काट्यावर घ्या. पण काट्यावरून उचलण्याआधी झालेला आकडा लिहून ठेवा.

आधी लीक, मग गॅस

एसी ही बंद यंत्रणा आहे. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झालाय म्हणजे कुठून तरी गेलाय. हे वाक्य तुमच्या व्हिजिटिंग कार्डवर छापलंत तरी चालेल!

आपल्या भागात लीक जास्त का होतात? समुद्र. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव या पट्ट्यात खारी हवा थेट मशीनवर येते. मीठ आणि ओलावा मिळून धातू खातात. आऊटडोअरचे पत्रे, कॉइल, ब्रेझिंगचे जोड गंजायला वेळ लागत नाही. म्हणून तपासायच्या जागा ठरलेल्या ठेवा: इनडोअर आणि आऊटडोअरचे फ्लेअर नट, सर्व्हिस व्हॉल्व्ह, कॉइलचे यू-बेंड. जिथे तेलकट डाग दिसेल तिथे आधी बघा, कारण गॅसबरोबर तेलही बाहेर येतं.

तपासणी नायट्रोजनने करा, रेग्युलेटर लावून, कंपनीने दिलेल्या प्रेशरपर्यंत. जोडांवर साबणाचा फेस लावा. ऑक्सिजन कधीच वापरायचा नाही. तेल आणि प्रेशरमधला ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

मग व्हॅक्यूम. “दहा मिनिटं पंप चालवला” हे मोजमाप नाही. मायक्रॉन गेज लावा, ५०० मायक्रॉनच्या खाली न्या, पंप बंद करून दहा मिनिटं थांबा. आकडा झपाट्याने चढला तर लीक आहे किंवा आत ओलावा आहे. आर-३२ आणि आर-४१०ए मशीनमधलं तेल ओलावा पटकन शोषून घेतं, आणि आपल्या पावसाळी हवेत ओलाव्याला तोटा नाही. ओलावा राहिला तर आत आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसर आतून खराब होतो.

गॅस ओळखा, मिसळू नका

आर-२२ जुना झाला. ओझोनच्या थराला तो नुकसान करतो, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार तो बंद होत चालला आहे आणि भारतात २०३० पर्यंत त्याचा वापर जवळजवळ संपवायचा आहे. आर-४१०ए आणि आर-३२ ओझोनला त्रास देत नाहीत, पण पृथ्वी तापवतात. एक किलो आर-३२ हवेत सोडला तर तो ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. आर-४१०ए चा आकडा २०८८ आहे, आर-२२ चा १८१०. म्हणजे एका मशीनमधला ८५० ग्रॅम आर-३२ बिनधास्त उडवून दिला, तर सुमारे ५७४ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं.

भारताने २०२१ मध्ये किगाली दुरुस्ती मान्य केली. त्यानुसार २०२८ मध्ये या गॅसचा वापर गोठवायचा आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करत २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे. उद्योजक म्हणून याचा अर्थ काय घ्यायचा? पुढे हा गॅस मुबलक राहणार नाही. ज्याला आज ग्रॅमची किंमत कळली, तो पुढे टिकेल.

आर-२९० वर, म्हणजे प्रोपेनवर चालणारे एसीही तुम्हाला भेटतील. हे तंत्र आपल्या महाराष्ट्रातच, गोदरेजच्या शिरवळच्या कारखान्यात, घरगुती एसीसाठी वापरलं गेलं. त्यात गॅस खूपच कमी भरायचा असतो, त्यामुळे ३० ग्रॅमची चूकसुद्धा मोठी ठरते. आणि प्रोपेन पेट घेतो, म्हणून प्रशिक्षणाशिवाय त्याला हात लावू नका.

एक नियम पक्का करा: स्टिकरवर जो गॅस लिहिलाय तोच भरायचा. आर-२२ च्या मशीनमध्ये आर-३२ भरून द्या असं ग्राहकाने म्हटलं, तरी नाही म्हणायचं. दोन्हींच्या प्रेशरमध्ये किती फरक आहे ते वर बघितलंच आपण.

तुमच्या जिवाची किंमत

आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि हवेपेक्षा जड, म्हणजे खाली जमिनीलगत साचतो. घरात काम सुरू करण्याआधी सांगा, “काकू, देवापुढचा दिवा आणि गॅसची शेगडी तेवढा वेळ बंद ठेवाल का? खिडक्या उघड्या राहू द्या.” कोणी नाराज होत नाही, उलट विश्वास बसतो. लाईनमध्ये गॅस असताना ब्रेझिंगचा टॉर्च पेटवायचा नाही. लीक असलेल्या मशीनचं पंप डाऊन करायचं नाही, कारण आत हवा ओढली गेली तर कॉम्प्रेसर फुटू शकतो. आणि सातव्या मजल्याच्या कठड्यावर बेल्ट बांधल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. घरी वाट बघणारं माणूस आहे, हे विसरू नका.

आता धंद्याचं गणित

इथून पुढे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. तुमच्या बाजारातले दर त्यात टाका.

समजा तुमच्याकडे १० किलोचा सिलिंडर आहे. सरासरी मशीनला ९०० ग्रॅम लागतात. मोजून भरलं तर ११ कामं होतात. अंदाजाने भरताना हात सैल पडून सरासरी ११०० ग्रॅम गेले, तर ९ कामं होतात. प्रत्येक सिलिंडरमागे दोन कामांचा गॅस फुकट गेला. आणि तो फुकट गेलेला गॅस ग्राहकाचा एसी बिघडवतोय, हे वेगळंच.

आता परतीची फेरी बघा. तक्रार आली म्हणून परत जायला समजा पेट्रोल आणि पार्किंगचे १५० रुपये, पुन्हा गॅस ३०० रुपये, आणि त्या दोन तासांत होऊ शकलं असतं असं ६०० रुपयांचं दुसरं काम बुडालं. एका फेरीचे १०५० रुपये. सीझनमध्ये महिन्याला दहा फेऱ्या झाल्या तर साडेदहा हजार. त्यात आपल्या भागातले अनेक ग्राहक सकाळच्या लोकलने मुंबईला जातात आणि रात्री परततात. रविवारची वेळ तुमच्यासाठी सोन्यासारखी असते. ती फुकटच्या फेऱ्यांमध्ये घालवू नका.

म्हणून एक सिलिंडर वही ठेवा. प्रत्येक सिलिंडरला नंबर द्या. रकाने असे: तारीख, कामाआधीचं वजन, कामानंतरचं वजन, फरक, बिल नंबर. शनिवारी रात्री बेरीज करा. सिलिंडरमधून गेलेले ग्रॅम आणि बिलावर लावलेले ग्रॅम जुळले पाहिजेत. होजमध्ये जाणारा थोडा फरक सोडला, तर बाकी फरक म्हणजे लीक, चूक किंवा चोरी. उद्या तुम्ही दोन मुलं कामाला ठेवाल तेव्हा हीच वही तुमचा मॅनेजर असेल.

बिलही तसंच बनवा. “गॅस चार्जिंग” अशी एकच ओळ नको. व्हिजिट, लीक शोधणं, दुरुस्ती, व्हॅक्यूम आणि गॅस अमुक ग्रॅम, अशा वेगळ्या ओळी लिहा. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: वजनावर पैसे घेत असाल तर तुमचा काटा व्यवहाराचा काटा झाला. वैधमापन शास्त्र अधिनियम, २००९ नुसार तो पडताळणी करून शिक्का मारलेला हवा. किराणावाल्याला जो नियम, तोच तुम्हाला.

ग्राहकाशी कसं बोलायचं

ग्राहक म्हणतील, “अहो, मागच्या वर्षीच तर गॅस भरला होता, परत कसा संपला?” आधीच्या टेक्निशियनला नावं ठेवू नका. शांतपणे सांगा, “काकू, गॅस आपोआप संपत नाही, कुठेतरी गळतोय. नुसता भरून दिला तर पुढच्या वर्षी पुन्हा हेच होईल. आधी गळती शोधतो, मग तुमच्यासमोर काट्यावर मोजून भरतो.”

“पण तो दुसरा निम्म्या पैशात करतो म्हणाला!”

“करत असेल. त्यांना फक्त एवढं विचारा, किती ग्रॅम भरणार आणि लीकचं काय करणार. दोन्हींची उत्तरं पटली तर जरूर त्यांच्याकडून करून घ्या.”

काही ग्राहक जातील, जाऊ दे. जे थांबतील ते काट्याचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघतील आणि तेच शेजारच्या ताईंना तुमचा नंबर देतील. दुधाने तोंड पोळलेले लोक ताकही फुंकून पितात. तुमच्याकडे येणारे बरेच ग्राहक आधी पोळलेलेच असतात, त्यांना आकडा दाखवा.

सुरुवात कशी कराल?

सगळं किट एकदम घ्यायला कर्ज काढू नका. पहिल्यांदा काटा घ्या, कारण या सगळ्यात तोच स्वस्त आहे. मग चांगला टू-स्टेज व्हॅक्यूम पंप आणि मायक्रॉन गेज. मग नायट्रोजनचा रेग्युलेटर, फ्लेअरिंग टूल, टॉर्क पाना. सेफ्टी बेल्ट पहिल्याच दिवशी. रिकव्हरी मशीन महाग वाटलं तर तीन-चार टेक्निशियन मिळून एक घ्या आणि वेळा वाटून घ्या. भांडवल कमी पडलं तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळतं, त्यासाठी बँकेत चौकशी करा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

शिकायचं असेल तर आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. आधीच काम करणाऱ्यांसाठी कौशल्य विकासाचे छोटे कोर्सही असतात. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये जाहीर केलेल्या कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये एक लाख सर्व्हिस टेक्निशियनना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. या कामाला आता कागदाची किंमत येतेय, ती संधी सोडू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

तीन गोष्टी करा. एक, स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या घरातल्या तीन एसींचे स्टिकर वाचा आणि गॅसचं नाव व ग्रॅम वहीत लिहा. ते करताना गच्चीवर किंवा कठड्यावर जोखीम घेऊ नका, फोटो मिळाला तरी चालेल. दोन, त्यातल्या एका मॉडेलचं इन्स्टॉलेशन मॅन्युअल शोधा आणि जादा पाईपचा हिशेब करून बघा. तीन, सिलिंडर वहीचं पहिलं पान आखा, धंदा अजून सुरू झाला नसला तरी.

पुढच्या भागात एसी सर्व्हिसचा वार्षिक करार कसा विकायचा ते बघू. तोपर्यंत काम करा, आणि मोजून करा.